हात लावायचा नाही

अमेरिकेतल्या बॉथेलच्या त्या घरात, घर गरम ठेवणाऱ्या पेलेट स्टोव्हला हात लावायचा अधिकार फक्त सुशांतला होता. राख तोच काढायचा, काच तोच पुसायचा, आणि पुसता पुसता बायकोला, रेणूला, ऐकवायचा, “यार, मशीनला डिसिप्लिन लागते. तुझं काय, झाडू मारला की झालं!” दसऱ्याला तर स्वारीने स्टोव्ह लख्ख केला, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या काठोकाठ भरल्या आणि सोवळं नेसून, झाकण उघडून, त्याची यथासांग पूजा केली. रेणूने फक्त फोटो काढायचे होते. पूजेनंतरही ताकीद होतीच, “कोणी हात लावू नका!”

पहिली कडाक्याची थंडी पडली आणि स्टोव्ह घरघर करून बंद पडला. सुशांतने जागच्या जागी निकाल दिला, “तू सेलमधल्या फालतू गोळ्या आणल्यास. त्यातलाच कचरा अडकलाय.” स्वेटरवर जॅकेट चढवून त्याने अख्खा स्टोव्ह खोलला. सासूबाई ब्लँकेटमध्ये कुडकुडत होत्या आणि रेणू टॉर्च धरून “तुझ्यामुळे, तुझ्यामुळे” ऐकत उभी होती.

अखेर गोळ्या पुढे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये अडकलेला तो कचरा त्याच्या हाताला लागला. टॉर्चच्या उजेडात दोघांनीही पाहिला. हळदकुंकू लागलेली, अख्खी सुपारी.

रेणूने टॉर्च सुपारीवरून उचलून सुशांतच्या तोंडावर धरला.


सुशांतने सुपारी गुपचूप खिशात टाकली आणि म्हणाला, “पूजेचं आवरायचं काम तुझं होतं ना?”