चिकटपट्टी

प्रयोगशाळेतल्या काळ्या काचेवर तिने लेकीच्या रक्तद्रवाचा थेंब ठेवला, त्यात दुधाळ रसायन मिसळले आणि काच हलकेच डोलवली. मिश्रण एकसंध राहायला हवे होते. पण पांढरे कण साकळले. घशातल्या ज्या जंतूने गेल्या वर्षी लेकीच्या हृदयाची झडप दुखावली, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे पुन्हा वाढली होती. तो जंतू परतू नये म्हणून तर लेकीला दर महिन्याला इंजेक्शन होते. "दर महिन्याचं इंजेक्शन चुकलं का रे?" लेकीला घेऊन दाराशी थांबलेल्या नवऱ्याला तिने विचारले. "छे, मीच तर नेतो." त्याच्या कडेवरची लेक खुदकन हसली. "बाबा नुसती चिकटपट्टी लावतात. आईला सांगायचं नाही, ठरलंय आमचं." "ती रडते गं, मला बघवत नाही," तो पुटपुटला. "तुला काय, तू इथे रोजच लोकांना टोचतेस." तिने लेकीच्या मांडीवरची चिकटपट्टी सोलली. खाली सुईची खूणही नव्हती. दर महिन्याला अशाच पट्टीला पाणी लागू नये म्हणून तिने किती आंघोळी जपून घातल्या होत्या.