ह्यूई गिलहूलीची टेप

टेप सुरू झाली, आणि तिच्यावर बासरी नव्हतीच.

फिडल होतं, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन. एकटं फिडल, भरधाव सुटलेलं. रविवारची प्रार्थना आटोपून पबमध्ये खुर्च्या पकडून बसलेली सगळी माणसं एकदम अट्राक्टा गिलहूलीकडे वळली. ऐंशी उलटलेल्या अट्राक्टाने चहाचा कप खाली ठेवला.

"अगं बाई, ही तर मी," ती म्हणाली. "सतरा वर्षांची."

डब्लिनहून टेप घेऊन आलेल्या डर्व्हलाने यंत्र थांबवलं आणि डबा उलटसुलट करून पाहिला. डब्यावर स्वच्छ लिहिलं होतं : ह्यूई गिलहूली, बासरी. ह्यूई म्हणजे अट्राक्टाचे वडील. कोळशाच्या खाणीतले कामगार. त्यांच्यासारखी बासरी आमच्या दरीत कुणी वाजवली नाही, हे अट्राक्टा जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली होती. आम्हीही ते मानत आलो होतो. पुरावा मात्र कुणाकडेच नव्हता. आता जुन्या बासरीवाल्यांची आणि फिडलवाल्यांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणं जमवून डब्लिनवाले मोठा संच काढणार होते. नियम साधा होता. ज्याचा आवाज, त्याचं नाव. आणि ह्यूईची म्हणून सापडलेली टेप ही एवढीच.

"रेडिओची गाडी आली तेव्हा आधी बाबाच बसले होते," अट्राक्टा म्हणाली. "चार सूर वाजवले आणि खोकल्याने धरलं. छातीत कोळसा बसला होता हो त्यांच्या. रेडिओवाला म्हणाला, तुम्ही जरा टेका, तोवर पोरीला वाजवू दे. मला वाटलं, बाबांचे चार सूर तरी राहिले असतील. मेल्याने ते पुसून त्याच्यावरच माझं घेतलं!"

त्याच हिवाळ्यात ह्यूई गेले होते. तेवढ्यात बोलला तो फेस्टी मॅकडरमॉट. हा डोंगरापलीकडचा, अट्राक्टाहून थोडा थोरला, स्वतः बासरीवाला आणि तोंडाचा फटकळ. दोघांचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

"घ्या! ह्यूई असा नि ह्यूई तसा, आमचे कान किटवलेस. आणि डब्यातून निघालं कोण? तूच!"

"तुझ्या त्या बासरीवाल्या मामाची तरी कुठं टेप आहे रे?"

"आमचा मामा रेडिओवाल्यांना दारात उभं करत नव्हता."

लोक हसले. अट्राक्टा हसली नाही. डर्व्हला तिच्याजवळ येऊन बसली.

"तुमचं वादन आम्ही नक्की घेऊ, आजी. उत्तम आहे. पण वडिलांचं नाव... आवाजच नाही ना त्यांचा."

"मग माझंही पुसून टाक. त्यांच्या जागेवर बसून मला मान नको," अट्राक्टा म्हणाली. तिचा आवाज चढला. "आणि उत्तम कसलं डोंबलाचं! दर स्पर्धेत परीक्षकांनी माझे गुण कापले. म्हणे, मध्येच गज उचलता, सूर गिळता. लाव, लाव पुढे. इथेही तेच असणार."

डर्व्हलाने यंत्र पुन्हा सुरू केलं. धून जोरात धावत होती. मध्येच एक सूर गळाला. मग बऱ्याच वेळाने, भलत्याच जागी, आणखी एक.

फेस्टीने टोमणा मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो उठून यंत्राजवळ गेला, कान लावून उभा राहिला.

"पहिल्यापासून लाव," तो म्हणाला.

कोटाच्या खिशातून त्याने बासरीचे तुकडे काढले, जोडले आणि टेपबरोबर वाजवायला लागला. पहिला सूर गळाला, तिथेच फेस्टीने श्वास घेतला. दुसरा गळाला, तिथेही. कुठे अडखळणं नाही, कुठे ओढाताण नाही. जशी काही ती धून बासरीसाठीच बांधली होती. तिसऱ्या फेरीत मात्र तो लालबुंद झाला. सूर गळायच्या कितीतरी आधी त्याचा दम संपला. तो मटकन खुर्चीत बसला. फिडल आपलं पुढे चाललंच होतं.

"बाप रे बाप!" तो धापा टाकत म्हणाला. "अरे, फिडलवाल्याच्या गजाला कसला आलाय दम? त्याला थांबायची गरज काय? बासरीवाल्याला एखादा सूर सोडावाच लागतो, नाहीतर जीव जाईल. ही पोरगी बापाच्या बासरीला चिकटून शिकली. तो जिथे श्वास घ्यायचा, तिथे हिचा गज थांबतो."

"मला वाटायचं, धूनच तशी आहे," अट्राक्टा म्हणाली. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती.

"खाणीच्या तोंडाशी जेवणाच्या सुटीत मी ऐकलाय त्याला. छाती धड होती तेव्हाचा. याच जागा. अगदी याच." फेस्टीने घाम पुसला. "भर विशीतसुद्धा मला एवढा पल्ला झेपला नाही. असा दमसास डोंगराच्या ना अलीकडे झाला, ना पलीकडे." मग इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "आमच्या मामाचासुद्धा नाही."

अट्राक्टाचे डोळे भरून आले, पण मान अशी ताठ झाली की काय सांगू! आम्हा सगळ्यांचीच झाली.

"पुसू नकोस गं," ती डर्व्हलाला म्हणाली.

डर्व्हलाने पेन काढलं आणि डबा समोर ओढला. "पण मग लिहू काय?"

अट्राक्टा काही बोलायच्या आत फेस्टीच म्हणाला, "लिही. फिडल, अट्राक्टा गिलहूली. आणि त्याच्या वर लिही : श्वास, ह्यूई गिलहूली."