शर्यतीचा सहावा टेक

दिग्दर्शकाच्या नव्या सिनेमात गरिबाघरचा नायक निव्वळ कष्टाच्या जोरावर देशातली सगळ्यात मोठी शर्यत जिंकणार होता. चित्रीकरणात मात्र नायकाला अर्ध्या वाटेतच धाप लागे, आणि हरण्यासाठी रोजावर आणलेला खराखुरा धावपटू दरवेळी पुढे निघून जाई.

“अहो, जरा बेतानं! जिंकायचंय त्यांना!” सहाव्या टेकला दिग्दर्शक वैतागून ओरडला.

धावपटू ओशाळला. “पायांना सवय नाही हो. साहेब, आणखी किती हळू धावू?”

माइक चालूच होता, आणि टिपलेलं ते वाक्य दिग्दर्शकानं पुसू दिलं नाही.

सिनेमा लागला. नायक जिंकला, थिएटर टाळ्यांनी दणाणलं, पडदा काळा झाला. त्या काळोखात एक ओशाळा आवाज आला, “साहेब, आणखी किती हळू धावू?”

टाळ्या वाजवणारे हात तिथल्या तिथे थांबले.