चांदव्यांनंतर थापट्या

“चांदवे, एकशे बारा,” स्टँडवरच्या दुर्बिणीवरून डोळा न काढता सासरे म्हणाले आणि जावयाने वहीत आकडा लिहिला.

नदी जिथे पसरून पाणथळीत शिरते, तिथे काठावर एक लाकडी लपण होतं. आत एक बाक, समोर बिनझडपेची खिडकी. माणसांनी आत राहायचं आणि पक्ष्यांनी त्यांना ओळख दाखवायची नाही, असा जणू करारच होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे पक्ष्यांची गणना व्हायची. सासऱ्यांनी उभं राहून बघायचं, जावयाने बाकावर बसून लिहायचं. तीन वर्षांपूर्वी लेक गेली, तोवर लिहायचं काम तिचं होतं. ती गेल्यावर एका सकाळी सासरे जावयाच्या दारात उभे राहिले आणि “वही लिहायला माणूस नाही,” एवढंच म्हणाले. तेव्हा त्याला बदक आणि बगळा यांपलीकडे काही ओळखू येत नव्हतं.

“पाणकावळे, नऊ. त्यातला एक पंख पसरून उभा आहे, सदरा वाळत घातल्यासारखा. सदरा लिहू नका.”

जावई हसला नाही. सासऱ्यांनी दुर्बीण पुढच्या बेटाकडे वळवली. तिथे थापट्या बदकांचा मोठा थवा उतरला होता. थवा मोजताना ते मनातच मोजायचे आणि दर दहाला खिडकीच्या कडेवर बोटाने एक टिचकी मारायचे. जावई घरून निघाल्यापासून शब्द जुळवत होता. गाडीत जमलं नाही, पायवाटेवर जमलं नाही. निदान हा थवा संपू द्यावा असं त्याने ठरवलं, आणि नेमकं तेव्हाच तोंडातून निघून गेलं.

“बाबा, मी लग्न करतोय.”

बोट थांबलं. पाण्यावर एकही पक्षी हलला नाही.

“दोनशे...” सासरे म्हणाले. मग दुर्बिणीवरून डोळा काढून, “दोनशे किती झाले होते?”

“तुम्ही मोठ्याने म्हणत नव्हता.”

“मग गेले.” त्यांनी डोळे मिटून बोटांनी दाबले. “पुन्हा पहिल्यापासून.”

मागे एकदा ससाणा घिरट्या घालून गेला आणि अख्खं पाणी फडफडत उठलं, तरी या माणसाचा आकडा चुकला नव्हता. जावयाने ते स्वतः पाहिलं होतं.

“दहा, वीस, तीस...” सासरे आता मोठ्याने मोजू लागले. साठावर थांबले. “कोण आहे?”

“माझ्या औषधाच्या दुकानासमोर लॅब आहे ना, तिथे असते. रक्त तपासते.”

“सत्तर. घरी कोण कोण?”

“आई. वडील लहानपणीच गेले.”

“हं. ऐंशी. नव्वद. लिहा, नव्वद.”

“नव्वदच?”

“तिथवर लिहून ठेवा. पुन्हा चुकायला नको.”

जावयाने लिहिलं. “मला इथे येणं सोडायचं नाहीये, बाबा. तुम्ही नको म्हणालात तर...”

“तर काय? लग्न नाही करणार?”

जावयाने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

“कराल. करायलाच हवं. छत्तीस म्हणजे काय वय आहे?” आवाज नेहमीसारखाच होता. “एक दिवस सांगाल, हे मला माहीत होतं. आजच सांगाल असं वाटलं नव्हतं, एवढंच.”

“आईंना कसं सांगू?”

“तुम्ही नका सांगू, मी सांगतो. ती रडेल. दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही, जसं काही मीच लग्न करतोय. तिसऱ्या दिवशी विचारेल, मुलगी दिसायला कशी आहे.”

दोघंही दबक्या आवाजात हसले. सासऱ्यांचं हसू मध्येच तुटलं. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात टेकला आणि तोंड पाण्याकडे केलं, ते बराच वेळ तसंच ठेवलं. जावयाने वहीत डोकं घातलं. दवाखान्यातसुद्धा त्याने या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, आताही पाहायचं नव्हतं. बाहेर एक शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांनी उथळ पाण्यातून सावकाश चालत गेला. त्याची नोंद कुणीच केली नाही.

“उंची किती तिची?”

“अं?”

“किती उंच आहे ती?”

जावई गोंधळला. उठून उभा राहिला, हात आडवा धरून आपल्या खांद्याशी नेला. मग जरा खाली. “इथपर्यंत.”

सासऱ्यांनी वाकून दुर्बिणीच्या स्टँडचे स्क्रू सैल केले. एक पाय, दुसरा, मग तिसरा. दुर्बीण हळूहळू उतरत जावयाने दाखवलेल्या हाताशी आली. त्यांनी ती पुन्हा बेटावर रोखली, स्क्रू आवळले, हलवून पाहिली. मग गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून, पाठ वाकवून, तिला डोळा लावला.

“शंभर,” ते म्हणाले. “एकशे दहा.”