मंजूर आख्यान

पुढे सरका, मायबाप, सतरंजीवर जागा आहे. दहिसरच्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

संध्याकाळचे सात वाजत आले होते. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या काढून मंडप घातला होता. दशरथबुवा फेटा बांधत होते, तेवढ्यात सेक्रेटरी हर्षद चार कागद घेऊन आला. गेल्या वर्षापासून सोसायटीचा नियमच झाला होता, की कार्यक्रम कुठलाही असो, आधी लिहून द्यायचा आणि कमिटीकडून मंजूर करून घ्यायचा. बुवांनी आयुष्यात कधी कीर्तन कागदावर उतरवलं नव्हतं. या खेपेला नातीकडून टाइप करून घेतलं होतं.

"बुवा, सगळं झकास आहे," हर्षद म्हणाला. "फक्त शेवटच्या पानावरचं एक वाक्य उडवलंय."

त्या वाक्यात माणिकचं नाव होतं. माणिक सोसायटीचा सफाईवाला. आठ महिन्यांपूर्वी त्याला याच पार्किंगखालच्या मैल्याच्या टाकीत उतरवलं होतं. तो जिवंत वर आला नाही.

"अरे, आख्यान कोणाचं आहे बघ ना. काम करता करता भिंतीखाली गाडल्या गेलेल्या भक्ताचं. तिथे माणिकचं नाव नाही घ्यायचं, तर कुठे घ्यायचं?"

"ते सातशे वर्षांपूर्वीचं, बुवा. त्याला कोण नाही म्हणतंय? हे आठ महिन्यांपूर्वीचं. केस चालू आहे." हर्षदने आवाज खाली आणला. "नाव आलं तर पुढच्या वर्षी मंडपच नाही, असं ठरलंय. आधीच अर्ध्या लोकांना टाळांची कटकट होते. मी एकटा किती जणांशी भांडू?"

इथे चाळ होती तेव्हापासूनचं हे कीर्तन. बुवांचे वडील गिरणीतली पाळी संपवून यायचे आणि हातपाय धुऊन याच जागेवर उभे राहायचे. बुवांनी कागद घेतला.

पण सकाळीच त्यांनी माणिकच्या आईला, सुंदराबाईला, शब्द दिला होता. तू ये, मी कीर्तनात त्याचं नाव घेईन. कीर्तनात घेतलेलं नाव देवाच्या कानावर जातं, असं ती माउली मानत होती. ती आली होती. धुवट लुगडं नेसून मंडपाच्या अगदी मागे बसली होती.

पूर्वरंग रंगला. आख्यान लागलं. भिंत कोसळली, भक्त गेला. ढिगाऱ्यातून हाडं निघाली, पण त्यातली त्याची कुठली, हे कसं ओळखायचं? एकेक उचलून कानाशी न्यायचं. ज्यातून देवाचं नाव ऐकू येईल, ते त्याचं. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. हर्षदही रडत होता. अगदी मनापासून रडत होता.

आता ते वाक्य. टाळ थांबले. बुवांनी श्वास घेतला आणि मागे पाहिलं. सुंदराबाई हात जोडून उभी राहिली होती.

"...असे किती तरी भक्त, मायबाप," बुवा म्हणाले, आणि त्यांनी घाईघाईने गजर धरला.

आरती झाली. बुक्का लावून घ्यायला रांग लागली. सगळ्यांत शेवटी सुंदराबाई आली आणि बुवांच्या पाया पडली.

"बुवा, नेमका तवाच पाण्याचा पंप लागला बगा. मला काईच ऐकू आलं न्हाई." ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "घेतलं न्हवं त्याचं नाव?"

बुवांचं बोट बुक्क्याच्या वाटीतच राहिलं.

"घेतलं, बाई."

"मग झालं तर," ती म्हणाली. कपाळ पुढे करून तिने बुक्का लावून घेतला आणि चपला शोधायला गेली.

गोष्ट एवढीच, मायबाप. आज घरी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा हात जोडून एकदा म्हणा. माणिक, सुंदराबाईचा मुलगा, राहणार दहिसर.