वाढीव गोळी

तळ्याकाठचं सौनाघर नाहीसं झालं होतं; उरले होते वडिलांनी रचलेल्या भट्टीचे काळे दगड. वाफेच्या अंघोळीसाठी आणलेली बर्चच्या डहाळ्यांची जुडी तिथंच टाकून हिल्का भावाच्या स्वयंपाकघरात शिरली. वसंतात बर्फ वितळत असताना तिनं विचारलं होतं, "सौना पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधतोयस ना?" "काहीतरीच तुझं," म्हणत त्यानं परस्पर डॉक्टरांना कळवलं, संशयाचं भूत हिच्या मानगुटीवर पुन्हा बसलंय. एका गोळीच्या दोन झाल्या, आणि तेव्हापासून तिच्या बोटांचा कंप थांबला नव्हता. आता भाऊ तिच्यापुढे कॉफी सरकवत म्हणाला, "चिडू नकोस. आजच्या गोळ्या घेतल्यास ना?" तिनं डबीतून दोन्ही काढल्या. एक गिळली. "ही माझ्या आजाराची, दादा. हिनं कानातले आवाज गप्प बसतात, म्हणून घेते." दुसरी थरथरत्या बोटांनी त्याच्या बशीत ठेवली. "ही तुझ्या थापेची. ती तू गिळ."