चौथ्या तुकड्यावर जोर

तुम्ही तिला इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नापास केलंत. एकदा नाही, तीनदा. अकोल्यात चौदा वर्षं औषधं देणारी मीनाक्षी, आणि तुमचा शेरा काय, तर उच्चारात जोर चुकतो. म्हणून फार्मसिस्टचं लायसन्स नाही. म्हणून ती इथे अमेरिकेत, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या औषधाच्या दुकानात नुसती बिलं करते.

गल्ल्याला तिने एक चिठ्ठी चिकटवलीय. अ-सी-टा-मि-नो-फेन. आपल्या पॅरासिटामॉलचंच इथलं नाव. चौथ्या तुकड्यावर लाल टिंब. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरवर बोट वाजवत तो शब्द घोकते. सहा टिचक्या, चौथी जोरात.

दुपारचा दीड वाजलेला. फार्मसिस्ट जेवायला गेलेला, त्याच्या खिडकीचं शटर खाली. मुलाकडे राहायला आलेल्या शैलेंद्रकाकांनी गोळ्यांची मोठी बाटली तिच्यापुढे ठेवली.

"गुडघे फार दुखतात गं. आणि आपली पॅरासिटामॉल नागपूरच्या डॉक्टरने बंद केलीय. लिव्हर खराब आहे म्हणे. म्हटलं, ही इथली घेऊन बघू."

मीनाक्षीने बाटली उचलली. स्कॅन केली नाही.

"काका, ही म्हणजे..."

"मीनाक्षी!" मालक संजीव मागेच उभा होता. "लायसन्स आहे का तुझ्याकडे? मागच्या आठवड्यात एकदा सांगितलंय. परत सल्ला दिलास तर उद्यापासून येऊ नकोस. काका, फार्मसिस्ट दोनला येतो, त्याला विचारा."

"साध्या गोळ्यांचं काय विचारायचं? माझी बस आली बघ."

बाटलीवरचं नाव वाचायला तर कुणाची बंदी नव्हती. तिने बाटली काकांच्या डोळ्यांसमोर धरली, नावाखाली बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. सहा तुकडे. चौथ्यावर जोर. एकदा. परत एकदा. तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज फाटला.

काका खूश झाले. "वा! काय इंग्लिश बोलतेस गं! अगदी इथल्यासारखं."

संजीवने हात पुढे करून बाटली स्कॅन केली, पिशवीत टाकली. काका पिशवी घेऊन बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांनी तिला हातही केला.

ती काउंटरमागेच उभी राहिली. बोट अजून वाजत होतं.

या वेळी जोर कुठेच चुकला नव्हता. आता किती मार्क देता? बोला.